बेंचटॉप मिलिंग मशीन घरी उचलताना आणि हलवताना

बेंचटॉप मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं, बेंचवर बसणारं मशीन, पहिल्यांदा घरात येतं तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो: "किती माणसं लागतील?" मला हा प्रश्न चुकीचा वाटतो, कारण त्यात मशीन हातांनी उचलायचं हे आधीच ठरलेलं असतं. खरा प्रश्न असा की या कामात मशीनचं वजन कोणत्याही क्षणी कुणाच्या हातावर येणार नाही अशी मांडणी कशी करायची. क्रेन, ठोकळे, पाइप, पहार, पट्टे ही सगळी साधनं त्याचसाठी आहेत. माणसाचे हात मशीनला दिशा देण्यापुरते हवेत, तोलून धरण्यासाठी नकोत.

वजनाचा अंदाज आधी घ्या. लहान मिनी मिल ५० ते ७० किलोची असते. मधल्या आकाराची, डव्हटेल कॉलमची (कॉलम म्हणजे मागचा उभा खांब, डव्हटेल म्हणजे त्यावरची तिरक्या कडांची सरकपट्टी) मशीनं साधारण १०० ते १७० किलोंची. गिअर हेड (हेड म्हणजे मोटर आणि कटर धरणारा वरचा भाग) असलेली मोठी बेंचटॉप मशीनं २५० ते ३५० किलोंपर्यंत जातात. नेमका आकडा मशीनच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असतो. त्यात व्हाइस (कापायचा तुकडा पकडणारा शिकंजा), रोटरी टेबल (फिरतं टेबल), स्टँड धरलेलं आहे की नाही ते बघून घ्या. चांगला व्हाइस एकटाच १५-२० किलोंचा भरतो.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते वजन कुठे आहे. लेथ आडवा आणि बुटका असतो, मिलिंग मशीन उभं आणि वर जड. मोटर, हेड, स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) सगळं कॉलमच्या वरच्या टोकाला, तेही पुढे झुकलेलं. समजा पाया ३०० मिलिमीटर रुंद आहे आणि गुरुत्वमध्य ४५० मिलिमीटर उंचीवर, बरोबर मधोमध आहे. असं मशीन जेमतेम १८ अंश कललं की पुढचं काम ते स्वतःच करतं. हेड खाली आणून गुरुत्वमध्य ३५० वर आणला तर हाच कोन २३ अंशांवर जातो. आणि त्याच मशीनला ७०० मिलिमीटर रुंदीच्या लाकडी पाटावर बोल्ट केलं, तर पाटाची उंची जमेस धरूनही ते जवळपास ३५ अंशांपर्यंत तग धरतं. या तीन आकड्यांतच अर्धं मार्गदर्शन आहे: हेड खाली, पाया रुंद.

हलवण्याआधी मशीन सुटसुटीत करा

प्लग काढा. डीसी ड्राइव्ह किंवा इन्व्हर्टर (मोटरचा वेग बदलणारी यंत्रणा) असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून कंट्रोल बॉक्स उघडायचा असेल तर पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. वायरी सोडवण्यापूर्वी फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर क्रमांक लिहा.

मग व्हाइस, कोलेट (कटर पकडणारी नळी), ड्रॉबार (ती वरून आवळणारा लांब बोल्ट), चिप गार्ड (कीस अडवणारं झाकण), डिजिटल रीडआउटची स्केलं (टेबलाची जागा मोजणाऱ्या पट्ट्या) काढून घ्या. स्केल तर नक्कीच काढा. पट्टा ताणला गेला की पहिला बळी त्याचा जातो. टेबलाची आणि सॅडलची (टेबलाखालच्या, पुढे-मागे सरकणाऱ्या भागाची) हँडलं बाहेर आलेली असतात, ती दारात अडकतात आणि मशीन टेकवताना नेमकी खाली येतात. लीडस्क्रूचं (टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचं) टोक एकदा वाकलं की मशीन पुन्हा पहिल्यासारखं गुळगुळीत फिरत नाही, म्हणून हँडल काढायला लागणारी पाच मिनिटं वाचवू नका.

टेबल मधोमध आणा, सॅडल कॉलमकडे सरकवा. टेबलावर लाकडी ठोकळा ठेवा, हेड त्यावर टेकेपर्यंत खाली आणा आणि सगळे गिब लॉक (गिब म्हणजे सरकत्या जोडातली फट भरणारी पट्टी, लॉक म्हणजे ती आवळणारे स्क्रू) घट्ट करा. हेड तिरकं होणारं असेल तर त्याचेही बोल्ट तपासा. प्रवासात हेड एका बाजूला फिरलं तर वजन एकदम त्या बाजूला जातं.

इथे एक सावधानता. हेड तोलून धरणारी स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट (गॅस भरलेला आधाराचा दांडा) असेल आणि ती काढायची असेल, तर आधी हेड पूर्ण वर नेऊन लॉक करा. त्या जागी स्प्रिंग सर्वांत सैल असते. मग ती काढा, खाली ठोकळा ठेवा आणि हेडला आधार देत लॉक हळूहळू ढिलं करा. रॅक-पिनियनवर (दातेरी पट्टी आणि गिअरवर) चालणाऱ्या हेडला स्प्रिंगशिवाय कुणीच धरलेलं नसतं, ते थेट खाली येतं.

सुटं करायचं की अख्खं न्यायचं

जिना असेल तर सुटं करायचं. यावर माझ्याकडे दुसरं मत नाही. साध्या जिन्याचा चढ ३० अंशांच्या आसपास किंवा जास्त असतो. ३० अंशांवर १५० किलोंच्या मशीनचं निम्मं वजन, म्हणजे ७५ किलो, उताराच्या दिशेने ओढत असतं. ते अडवणारा माणूस खालच्या पायरीवर, मशीनच्या बरोबर वाटेत उभा असतो. त्याचा पाय घसरला तर त्याला बाजूला व्हायला जागा नसते.

माणसाने किती उचलावं याचा एक आधार घेता येतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या १९९१च्या सुधारित सूत्रात २३ किलो हा आकडा आहे, आणि तोही आदर्श स्थितीतला: वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीच्या आसपास, पकड चांगली, अंगाला पीळ नाही. जिन्यावर, तेलकट बिडाला (ओतीव लोखंडाला) धरून, वाकून यातलं काहीच नसतं. म्हणून एका माणसामागे २० किलोंच्या वर जाऊ नका.

मशीन साधारण असं सुटं होतं: मोटर, हेड, कॉलम, टेबल, आणि सॅडलसकट बेड (खालचा पाया). मोटर आधी काढा. ती काढणं सोपं असतं आणि सर्वांत वरचं वजन कमी होतं. हेड ठोकळ्यावर टेकलेलं असतानाच त्याचे बोल्ट सोडा, म्हणजे ते हवेत लोंबकळणार नाही. टेबलाचा गिब आणि लीडस्क्रूचा ब्रॅकेट काढला की टेबल बाजूला सरकून निघतं. पण ते बाहेर येताना शेवटच्या काही इंचांत एकदम खाली झुकतं, तेव्हा त्या टोकाखाली दुसऱ्या माणसाचा आधार किंवा तेवढ्याच उंचीचं स्टूल आधीच हवं.

कॉलम उतरवताना फार जपा. मिनी मिलमध्ये बऱ्याचदा तो मागच्या एकाच मोठ्या नटवर असतो, मोठ्या मशीनमध्ये चार बोल्टवर. शेवटचा बोल्ट सुटण्याआधी कॉलम पट्ट्याने क्रेनला किंवा दोन माणसांच्या आधाराला असला पाहिजे. आणि जोडाच्या जागी पत्र्याच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, आहेत का बघा. मी एकदा कॉलम उचलला आणि नखाएवढा पितळी पत्रा टपकन जमिनीवर पडला. कोणत्या कोपऱ्यातला होता ते कळायला मार्ग नव्हता. तो कॉलम पुन्हा सरळ करण्यात माझी एक अख्खी सुट्टी गेली. आता मी बोल्ट ढिले केले की जोड केसभर उघडतो, टॉर्चने आत बघतो, शिम दिसलं तर कोपऱ्याचं नाव लिहून ते वेगळ्या पाकिटात ठेवतो. दोन्ही भागांवर आरपार रेघ ओढून जोडाची खूणही करतो.

मशीनला रुंद पाय द्या

सपाट जमिनीवर किंवा उतारावरून न्यायचं असेल तर अख्खं मशीन नेता येतं, पण पाटावर बसवूनच. नवीन मशीन खोक्यातून येतं तेव्हा ते खालच्या पॅलेटला बोल्ट केलेलं असतं. ते बोल्ट काढायची घाई करू नका. शेवटच्या जागी पोचेपर्यंत तोच तुमचा रुंद पाया आहे.

पॅलेट नसेल तर बनवा. साधारण चार इंच जाडीच्या दोन सरळ लाकडी तुळया मशीनच्या लांबीपेक्षा बऱ्याच मोठ्या घ्या, मशीनच्या पायाच्या भोकांतून आरपार बोल्ट टाकून मोठ्या वॉशरवर कसा. तुळयांना आडव्या फळ्या जोडून एक चौकट करा. तुळयांची पुढची-मागची टोकं खालून तिरकी कापलीत तर पाइपवर चढताना अडत नाहीत. स्क्रूवर भरवसा नको, इथे आरपार बोल्टच हवा.

मग हे सगळं पाइपवर चालवायचं. एक इंची लोखंडी पाइपचे चार तुकडे, पाटाच्या रुंदीपेक्षा थोडे लांब. कायम तीन पाटाखाली, चौथा पुढे. मागून मोकळा झालेला पाइप उचलून पुढे ठेवायचा. टाइल्सवर आधी जाड प्लायवूड अंथरा, नाहीतर पाइपच्या रेषेत टाइल तडकते. पाइप तिरका झाला तर काठीने किंवा हातोडीच्या टोल्याने सरळ करा, बोटांनी कधीच नको.

पाइप घालण्यासाठी पाट उचलायला पहार लागते. पहारीखाली टेकू द्या, इंचभर उचला आणि लगेच इंचभर जाडीची फळी आत सरकवा. पुन्हा इंचभर, पुन्हा फळी. एकदम चार इंच उचलून खाली मोकळी जागा ठेवण्याचा मोह आवरा. पहार निसटली तर मशीनने फार तर एक इंच खाली यावं. फळी सरकवायला दुसरी फळी वापरा, म्हणजे हात पाटाखाली जातच नाही.

उतार असेल तर तो लांब घ्या. सहाला एक असा उतार, म्हणजे सहा फूट लांबीला एक फूट चढ, असेल तर १५० किलोंच्या मशीनला साधारण २५ किलोंची ओढ लागते, वर घर्षण. उतरवताना पाइप किंवा चाकं पूर्ण काढून टाका आणि पाट फळीवर घासत येऊ द्या. घर्षण इथे तुमच्या बाजूने असतं. वरच्या बाजूला एखाद्या भक्कम खांबाला दोराचे दोन-तीन वेढे द्या आणि दोर हळूहळू सैल सोडा. दोराच्या सरळ रेषेत आणि मशीनच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

क्रेनने उचलणं

बेंचच्या उंचीवर चढवण्यासाठी गॅरेजमध्ये असते तशी घडीची इंजिन क्रेन सर्वांत सोयीची. चेन पुली चांगलीच, पण ती टांगायची कशाला हा प्रश्न उरतो. घराच्या छताचे हूक पंख्यासाठी असतात, त्यांना मशीन टांगू नका. हायड्रॉलिक लिफ्ट टेबल मिळालं तर तेही उत्तम: मशीन कमी उंचीवर त्यावर सरकवायचं, चाकं लॉक करून बेंचच्या पातळीला न्यायचं आणि आडवं सरकवायचं.

क्रेनवर "२ टन" लिहिलेलं असतं ते बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, पूर्ण आत असताना. बूम बाहेर काढत जाल तशी क्षमता झपाट्याने घटते. शेवटच्या भोकाला अशी क्रेन अनेकदा अर्ध्या टनावर आलेली असते. प्रत्येक भोकाशेजारी आकडा कोरलेला असतो, तोच धरायचा. आणखी एक गोष्ट आदल्या दिवशीच बघा: क्रेनचे पाय तुमच्या स्टँडखाली किंवा दोन्ही बाजूंनी जातात का? खालपर्यंत बंद कपाटासारखं स्टँड असेल तर पाय अडतात, बूम लांब काढावी लागते आणि हिशोब बदलतो.

पट्ट्याबद्दल. उचलण्यासाठी उचलण्याचाच पट्टा, म्हणजे राउंड स्लिंग किंवा चपटं वेब स्लिंग, लेबल शाबूत असलेलं. युरोपीय ईएन १४९२ मानकात रंगावरून क्षमता कळते: जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन. पट्टा फास घालून वापरला तर क्षमता ८० टक्के धरायची. गाडीत सामान आवळायचे रॅचेट पट्टे उचलायला वापरू नका, ते त्यासाठी बनलेले नाहीत. कापलेला, वितळलेला, लेबल नसलेला पट्टा बाजूला टाका.

पट्ट्याचा कोन हा असा विषय आहे की जिथे अनुभवी माणसंही फसतात. दोन पाय असलेल्या पट्ट्याने २०० किलो उचलताना पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर सुमारे ११५ किलो ताण येतो. ४५ अंशांत १४१. ३० अंशांत पूर्ण २००, म्हणजे एकाच पट्ट्याने उचलल्यासारखं. शिवाय पट्टे जेवढे पसरट तेवढे ते हेडला आणि हँडलांना आत दाबतात. म्हणून हूक उंच, पट्टे उभे.

आय-बोल्ट (माथ्याला कडी असलेला बोल्ट) वापरायचा तर खांदा असलेला, फोर्ज केलेला (घडीव) घ्या. डीआयएन ५८० मानकाचा एम१० सरळ ओढीला २३० किलो आणि एम१२ ३४० किलो धरतो. तिरक्या ओढीत ही क्षमता बरीच कमी होते. खांदा पृष्ठभागाला पूर्ण टेकेपर्यंत कसा. तार वाकवून केलेले उघडे हूक इथे चालत नाहीत.

पट्टा कुठे घालायचा हे पुस्तिकेतल्या चित्रात असतं आणि तेच प्रमाण. चित्र नसेल आणि आय-बोल्टचं भोकही नसेल, तर लॉक केलेल्या हेडच्या खालून, कॉलमला लागून पट्टा घेऊन हेडच्या दोन्ही बाजूंनी वर नेणं ही बऱ्याच मशीनना चालणारी पद्धत आहे. पट्टा लीडस्क्रूवर, मोटरच्या झाकणावर किंवा कंट्रोल बॉक्सवर येता कामा नये. धारदार कडांना गोणपाट किंवा लाकडाची पट्टी लावा. उचलण्याची जागा नेहमी गुरुत्वमध्याच्या वर हवी. फक्त पायाखालून पट्टा घातला आणि वर कॉलमला बांधलाच नाही, तर मशीन पट्ट्यात उलटं होऊ शकतं.

आता उचलताना. पट्टा ताठ होईपर्यंत क्रेन पंप करा आणि थांबा. मशीनभोवती पूर्ण फेरी मारा. पट्टा कुठे अडकतोय, कोणती वायर ओढली जातेय, बघा. पॅलेटचे बोल्ट या क्षणी काढायचे, आधी नाही. मग बोटभर उचला आणि पुन्हा थांबा. इथे मशीन स्वतः सांगतं. मागचा पाया अजून टेकलेला आहे आणि पुढचा सुटला, म्हणजे हूक जास्त पुढे आहे. हूकची साखळी कॉलमच्या कडेला समांतर दिसायला हवी. फरक असेल तर खाली टेकवा, पट्टा थोडा सरकवा किंवा सॅडल पुढे-मागे करून तोल साधा, लॉक करा, पुन्हा बोटभर उचला. मी हे चार-पाच वेळा करतो. त्यात जाणारा वेळ हाच या कामातला खरा खर्च आहे असं समजा.

तोल साधला की मशीन जमिनीच्या जवळ ठेवूनच क्रेन ढकला. उंच टांगलेलं मशीन घेऊन क्रेन चालवली आणि एक चाक उंबऱ्याला अडकलं की सगळं झुलतं. बेंचजवळ पोचल्यावर मगच उंच उचला आणि शक्य असेल तर क्रेन न हलवता स्टँडच खाली सरकवा. उतरवताना व्हॉल्व्ह अगदी किंचित फिरवा, तो पटकन जास्त उघडतो.

माणसं आणि शब्द

दोन मदतनीस पुरतात. हुकूम एकाचाच, पण "थांब" कुणीही म्हणू शकतो आणि ते ऐकलं की सगळे गोठतात. शब्द आधी ठरवा. "सोड" हा शब्द मी वापरत नाही. एकाला तो "हळू खाली घे" असा ऐकू येतो, दुसऱ्याला "हात काढ" असा. "वर", "खाली", "थांब" एवढे तीन पुरेत. पोलादी टोकाचे बूट, अंगठी-घड्याळ काढलेलं, वाटेत मुलं आणि जनावरं नाहीत. प्रत्येकाच्या मागे दोन पावलं मोकळी जागा.

आणि सगळ्यांना आधीच स्पष्ट सांगा: मशीन पडायला लागलं तर धरायचं नाही, मागे व्हायचं. बीड वाकत नाही, फुटतं. कॉलम फुटला तर दुसरा मिळेल. १५० किलोंच्या पडत्या वजनाला हात लावून ते थांबत नाही, फक्त हात तिथे अडकतो.

गाडीतून नेताना

हेड खाली, पाट बोल्ट केलेला, पुढची कड गाडीच्या भक्कम भिंतीला टेकलेली. बांधणीच्या ईएन १२१९५ या युरोपीय मानकात पुढच्या दिशेला वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना ५० टक्के जोर धरून बांधायला सांगितलं आहे. म्हणजे १५० किलोंसाठी पुढच्या बाजूला १२० किलो. रॅचेट पट्टे इथे योग्य. चार दिशांना चार पट्टे बांधा, बिडाच्या ओतीव भागाला, हँडलांना नाही. काही अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा, पहिल्या खड्ड्यांनंतर ते हमखास सैल होतात.

बेंचवर आल्यावर

माझ्या पहिल्या मशीनच्या वेळी सगळं नीट पार पडलं. मशीन स्टँडवर आलं, मदतनीस निघून गेले. कॉलमवरचं पॅकिंग ग्रीस पुसायचं म्हणून मी हेड पूर्ण वर नेलं आणि टेबल पुढे घेतलं. मागचे दोन्ही पाय बोटभर उचलले गेलेले मला दिसले. मशीन पुढे मान टाकत होतं आणि मी त्याच्या समोर उभा होतो. सॅडलचं हँडल मागे फिरवत नेल्यावर ते टेकलं. बोल्ट चार पावलांवर डब्यात पडले होते.

म्हणून मशीन बेंचवर टेकलं की पट्टा लगेच काढू नका. पट्टा हलका ताठ असतानाच चारही बोल्ट घाला. मशीन बोल्ट होईपर्यंत हेड वर न्यायचं नाही. स्टँडही जमिनीला किंवा भिंतीला पक्कं हवं, नाहीतर मशीन आणि स्टँड मिळून कलंडतात.

बोल्ट कसण्याआधी प्रत्येक पायाखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) फिरवून बघा. फट असेल तिथे शिम द्या आणि मगच कसा. फटीवर बोल्ट ओढला तर बेड पिळला जातो. मग ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, सगळ्या सरकत्या पृष्ठभागांना स्लाइडवेचं तेल द्या, टेबल दोन्ही दिशांना पूर्ण फिरवून कुठे घट्ट होतंय का बघा.

शेवटी ट्रॅम, म्हणजे स्पिंडल टेबलाशी काटकोनात जुळवणं. स्पिंडलला डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून टेबलावर १५० ते २०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ फिरवा, डावं-उजवं आणि पुढचं-मागचं वाचन जुळवा. हेड किंवा कॉलम उतरवलेलं असेल तर हे जुळलेलं सापडणारच नाही. लाकडी माथ्याचं बेंच असेल तर लाकूड दबतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी बोल्ट पुन्हा कसा आणि डायल पुन्हा एकदा फिरवा.